अकरा नंबरचा नैवेद्य

चैत्र वद्य अष्टमी, भैरोबाच्या जत्रेचा दिवस. पणाला लागलेली वस्तू, गुळाची एक ढेप. हजर असलेले: एक नंबरचे तात्या, नऊ नंबरचे अण्णा, अकरा नंबरचे आमचे बापू, पुजारी शंकर गुरव, नैवेद्याची ताटं घेऊन देवळाच्या पायरीशी उभी असलेली माणसं, आणि मी. आई हजर नव्हती, ती घरी पुरण वाटत होती. हे सगळं आधीच मांडून ठेवते, कारण पुढं या दिवसाची हकिगत वाडीत जो तो आपल्या परीनं सांगू लागला, आणि त्या सकाळी पुण्यात कामावर असलेली माणसंही आपण पायरीशीच उभे होतो असं आता सांगतात.

आमची वाडी भूम तालुक्यातली. मानाची घरं चोवीस, पण नंबर तेवीसच. ज्याचे पूर्वज आधी येऊन राहिले त्याचा नंबर आधी, असा साधा हिशेब. सतरा नंबरच्या दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्यानं बैलांच्या आधी मान मागितला, म्हणून त्याला सतरा-अ मिळाला. हा सतरा-अ लक्षात ठेवावा, पुढं जे झालं ते त्याच्यामुळं झालं. जत्रेच्या दिवशी उजाडता उजाडता गुरव पायरीवर उभा राहून नंबर पुकारायचा. त्या घरच्या कर्त्यानं ताट घेऊन आत जायचं, देवाला नैवेद्य दाखवायचा, आरती व्हायची, मग पुढचा नंबर. आमच्याकडं आरतीची घाई कुणाला नसते. त्यामुळं एक नंबरचा नैवेद्य सूर्य वर यायच्या आत, आमचा ऐन दुपारी आणि तेवीस नंबरचा दिवेलागणीला, असं सालोसाल चालत आलेलं. ज्या घरचा नैवेद्य व्हायचा राहिला त्या घरच्या बाईनं तोवर पाणीसुद्धा प्यायचं नाही. एखाद्या घराला कुलूप असलं तरी गुरव त्यांचा नंबर पुकारायचा, थोडा वेळ थांबायचा आणि त्यांच्या नावानं बेलाचं एक पान देवापुढं ठेवायचा.

आईचा जत्रेचा दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू व्हायचा. हरभऱ्याची डाळ निवडायची, ढेपेतला गूळ कोयत्यानं चिरायचा, वेलदोडे सालीसकट कुटायचे. सकाळी डाळ शिजली की तिचं पाणी, म्हणजे येळवणी, वेगळी काढून तिची आमटी फोडणीला पडे. मग पाट्यावर पुरण. वरवंट्याचा तो घर्रघर्र आवाज आणि देवळाकडून येणारा हलगीचा आवाज हे माझ्या डोक्यात एकमेकांत इतके मिसळलेत की आजही कुठं हलगी वाजली की मला गुळाचा वास येतो. आमची पाळी दुपारची, म्हणून आई उन्हं वर आल्यावर पोळ्या लाटायला घ्यायची. तरीही वाट बघण्यात ताट निवायचंच. चैत्रातलं ऊन, फरशी तापलेली, बायका ओल्या पोत्यावर पाय ठेवून उभ्या. आईची एकच तक्रार असे, आणि तीही देवाकडं नव्हे, माझ्याकडं. "वाफ निघती तवर पोळी पोळी असती गं. देवाला म्या आजवर एकदा बी गरम पोळी घातली न्हाय."

त्या वर्षी मी भूमला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. बारावी झाली होती, घरात स्थळांची बोलणी सुरू झाली होती, आणि बापूंनी "कोर्स हुईस्तवर बघू" असं म्हटलं होतं. बापूंचं 'बघू' हे व्हय आणि न्हाय यांच्या बरोबर मधोमध असे. मी सकाळच्या एसटीनं जायची, दुपारच्या एसटीनं यायची. क्लास म्हणजे बसस्टँडमागं एका पत्र्याच्या दुकानावरची खोली, तिच्यात चार कॉम्प्युटर, आणि त्यांतला एक कायम उघडून ठेवलेला. चपला बाहेर काढाव्या लागत. महेश सर आमच्याहून फार मोठे नव्हते. वीज गेली की ते फळ्यावर शिकवायचे, आणि वीज बऱ्याचदा जायची, त्यामुळं माझं फळ्यावरचं शिक्षण पक्कं झालं.

माहितीचे तक्ते कसे बनवायचे आणि प्रोग्राम लिहून त्या तक्त्यांतून माहिती आत कशी घालायची, बाहेर कशी काढायची, हे सर शिकवत. त्यांचं पहिलं वाक्य अजून आठवतं. "तक्त्यातला प्रत्येक रकाना म्हणजे एक भांडं. आत काय ठेवणार ते आधी ठरवा, मग भांडं घ्या." अक्षरांचं भांडं वेगळं, आकड्यांचं वेगळं, तारखेचं वेगळं, आणि नुसत्या हो-नाहीचं एक छोटं भांडं. प्रोग्राममध्येही तशीच भांडी घ्यायची, आणि तक्त्यातलं भांडं नि प्रोग्राममधलं भांडं जुळलं नाही की पडद्यावर एक राखाडी चौकट येऊन सगळं थांबायचं. 'टाइप मिसमॅच' हे दोन शब्द मी इंग्रजी पुस्तकांतून नव्हे, त्या चौकटीतून शिकले. सर आणखी एक गोष्ट सांगत. रिकामं भांडं आणि शून्य एक नव्हे. शून्य म्हणजे माहीत आहे की काही नाही, रिकामं म्हणजे काय आहे ते माहीतच नाही. बाकीची मुलं इथं गोंधळायची, मी नाही. कुलूप असलेल्या घराचं बेलाचं पान मी लहानपणापासून बघत आले होते.

घरी येऊन मी हे सगळं आईला सांगायची. ती भाकरी थापता थापता ऐकायची. भांड्याचं तिला पटलं होतं. "खरं हाय," ती म्हणाली, "आमटीच्या पातेल्यात चहा केला तर पावणा पुन्हा येत न्हाय." हो-नाहीच्या भांड्याबद्दल मात्र तिला शंका होती. "मग तुझ्या बापूचं बघू कशात ठेवायचं?" मी हा प्रश्न दुसऱ्या दिवशी सरांना विचारला. सर बराच वेळ हसले आणि म्हणाले, ते अक्षरांच्या भांड्यात. पुढं माझी सगळी नोकरी अशाच तक्त्यांत गेली, आणि 'हो', 'नाही' आणि 'बघू' असे तीन पर्याय लागणारी माणसं मला प्रत्येक कचेरीत भेटली.

आता यादीचं. चोवीस घरांचा क्रम म्हाताऱ्या गुरवाच्या तोंडात होता, लिहिलेला कुठंच नव्हता. त्या वर्षी म्हातारा लेकीकडं वाशीला राहायला गेला आणि पूजा शंकरकडं आली. शंकर गाडीवर क्लीनर म्हणून फिरून आलेला, आवाज दणदणीत, पण नंबर त्याच्या ध्यानात राहीनात. त्यानं सरळ सांगितलं, "तात्या, मला कागद द्या, म्या वाचून पुकारतो." तात्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर आले. डोक्याला टॉवेल, हातात काठी, बोलणं मोजकं. "रंजे, तुझ्या त्या मशीनीतनं यादी निघती का गं? छापलेली असली म्हंजी कुणी भांडायचं न्हाय." मी हो म्हटलं. तात्या स्वतः चालत माझ्याकडं काम घेऊन आले हे बापूंनी त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगितलं.

वाडीभर हिंडून मी नावं आणि नंबर गोळा केले. क्लासमध्ये तक्ता केला. घराच्या नंबराला साहजिकच आकड्याचं भांडं घेतलं. सोळा, सतरा नीट गेले, आणि सतरा-अ ला ती राखाडी चौकट आली. आकड्याच्या भांड्यात अक्षर मावत नव्हतं. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो अक्षरात ठेवायचा. फोन नंबर ठेवतो तसा." घरांच्या नंबरांची बेरीज कोण करणार होतं? मी भांडं बदललं, प्रोग्राममध्येही अक्षरांचं घेतलं. सतरा-अ निमूट आत गेला. शेवटी नंबरानुसार यादी लावून काढ असा हुकूम प्रोग्रामला लिहिला. प्रिंटर कर्रकर्र करत कागद ओकत होता तेव्हाच वीज जाईल की काय या धास्तीनं मी कागदाकडं न बघता बल्बकडं बघत बसले. कागद निघाला, मी घडी केली, एसटी गाठली आणि तो शंकरच्या हाती दिला.

अष्टमीला सकाळी एक नंबर पुकारला गेला. तात्या आत गेले, आरती झाली, तात्या बाहेर आले. दोन नंबरचा माणूस ताट उचलून एक पायरी वर चढला. शंकर गाडीवरच्या सवयीनं, भूम-वाशी-धाराशिव ओरडतात तशा आवाजात ओरडला, "धाऽऽ नंबर."

हलगीवाला थांबला. दोन नंबरचा माणूस एक पाय वर, एक पाय खाली असा उभा राहिला. दहा नंबरचं कुणी तिथं नव्हतंच, ते घरी अंघोळ करत असणार. शंकरनं रीतीप्रमाणं थोडा वेळ वाट बघितली, बेलाचं पान ठेवलं आणि पुढं वाचलं, "अकराऽऽ नंबर."

बापू हलगीवाल्याजवळ बसले होते. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, जणू वाडीत आणखी कुणी अकरा नंबरचं आहे. तेवढ्यात नऊ नंबरचे अण्णा पुढं आले. अण्णा म्हणजे उंच, सडपातळ, मिशा पिळलेल्या, आणि आपला नंबर नऊ असला तरी आपण पहिल्या दहातले आहोत हे रोज एकदा तरी सांगणारे. त्यांनी शंकरच्या हातातला कागद घेतला, वरून खाली बोट फिरवत गेले आणि अगदी तळाशी थांबले. नऊ नंबर चोविसावा होता. सतरा-अ च्या खाली, तेविसाच्याही खाली.

"ह्ये बघा," अण्णा म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यामुळं जास्त ऐकू आलं. "पोरीनं आपलं घर वर घातलंय. अन् लोकास्नी संशय येऊ नये म्हणून अंगावर पांघरूण म्हणून धा नंबर बी वर घेतलाय."

"मग बारा, तेरा, चौदा कशाला वर घेईल ती?" तात्यांनी विचारलं.

"त्ये शेजारी हायेत की तिचे. साखर मागाया लागती."

लोक हसले. बापू हसले नाहीत. ते उठले, आणि माझ्याकडं न बघता बोलले. "माझ्या पोरीनं ह्ये मुद्दाम केलं असंल तर अकरा नंबर यादीतनं खोडा. आमी जत्रंला लांबनं हात जोडू. अन् गुळाची ढेप बी देतो." आमच्या वाडीत भैरोबाच्या पायरीवर आळ घेतला तर असंच असतं. ज्याचं खोटं ठरेल त्यानं दुसऱ्याच्या घरी अख्खी ढेप पोचवायची. अण्णा म्हणाले, "आन् माझं खोटं ठरलं तर माझी ढेप." तात्यांनी कागदाची घडी करून बंडीच्या खिशात घातली, उद्या बाजारच्या दिवशी भूमला जाऊन काय ते मशीनीपुढंच बघू म्हणाले, आणि देवाला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून त्या दिवसापुरतं सगळ्यांना आठवणीनंच रांगेला उभं केलं. घरी येताना बापू माझ्याशी एवढंच बोलले, "केलं नसशील तर उद्या दाखव. न्हायतर परवापासनं भूमची एसटी बंद." यात 'बघू' नव्हतं.

मला काही माहीत असतं तर मी तिथंच सांगितलं असतं. मशीननं हे का केलं हे मलाच कळत नव्हतं. आमचा नैवेद्य नेहमीसारखा दुपारी झाला, निवलेल्या पोळ्या घेऊन आम्ही जेवायला बसलो. मी ताटाशेजारी कोरा कागद घेऊन आठवेल तशी ती यादी लिहीत होते. एक. दहा, अकरा, बारा. एकोणीस. मग दोन. मग वीस, एकवीस, बावीस, तेवीस. मग तीन. दोनाच्या मागं वीस बघितलं आणि हातातला घास तसाच राहिला. मशीननं हे आकडे म्हणून वाचलेच नव्हते. शब्द वाचावेत तसे वाचले होते. हजेरीपटात कमल, कमलाकर आणि मग खंडू येतो, कमलाकर कितीही लांब असला तरी खंडूच्या आधीच. तसं एकानं सुरू होणारं सगळं आधी, मग दोनानं सुरू होणारं, आणि नऊ एकटाच शेवटी. अक्षरांच्या भांड्यात टाकलेला आकडा अक्षरासारखाच वागला होता. मी पोळी तोंडात असताना इतक्या जोरात हसले की आईनं पाठीत धपका घातला. "हसतीस काय गं? तिकडं ढेप लागलीय."

दुसऱ्या दिवशी वडापच्या जीपमधून आम्ही भूमला गेलो. पुढं तात्या आणि अण्णा, मागं बापू, शंकर, मी आणि बाजाराला निघालेल्या दोन शेळ्या. क्लासच्या दाराशी चपलांची रांग लागली. अण्णांनी आपली कोल्हापुरी सगळ्यांपासून लांब ठेवली. सरांनी तिघांना खुर्च्या दिल्या, पंखा लावला आणि म्हणाले, "रंजना, तूच दाखव." वीज होती. भैरोबानं तेवढी कृपा केली.

मी तक्ता उघडायला गेले तसे अण्णा म्हणाले, "थांब. तुझी यादी नगं. त्यात तू काय करून ठिवलंय कुणाला ठावं. म्या सांगतो त्ये आकडे घाल." मी म्हटलं, सांगा. अण्णांनी बोटांवर घरची माणसं मोजली. मग म्हणाले, "माझ्या घरच्यांची वयं घाल. म्या चौसष्ट. सरू अठ्ठावन्न. पोरगा छत्तीस. नातू धा. चिमी सात. अन् धाकटं दोन."

मी नवा तक्ता केला. वयाला मुद्दाम अक्षरांचं भांडं घेतलं, आणि काय घेतलं ते मोठ्यानं सांगितलं. नावं आणि वयं घातली, आणि लहानापासून मोठ्यापर्यंत लाव असा हुकूम दिला. पडद्यावर पहिला आला दहा वर्षांचा नातू. मग दोन वर्षांचं धाकटं. मग छत्तीस, अठ्ठावन्न, चौसष्ट. आणि सगळ्यांच्या शेवटी, सगळ्यांत मोठी म्हणून, सात वर्षांची चिमी.

तात्या पडद्याच्या अगदी जवळ गेले, मान मागं घेतली, पुन्हा जवळ गेले.

"चिमी माझ्यापेक्षा थोरली?" अण्णांनी विचारलं.

"घरात तिचंच चालतंय की," शंकर म्हणाला, "मशीनीला कुणी सांगितलं काय की."

मग मी तेच भांडं बदलून आकड्याचं घेतलं. बाकी काही केलं नाही, हात वर करून दाखवले. पुन्हा हुकूम दिला. धाकटं, चिमी, नातू, पोरगा, सरूकाकू, आणि शेवटी अण्णा. सरळ उतरंड. मी सांगितलं की मी नंबर अक्षरात ठेवला तो सतरा-अ साठी, आणि मशीननं अकराला वर घेतलं ते मी अकराची म्हणून नव्हे, तर त्याच्या तोंडाशी एक आहे म्हणून. आता यादीत आणखी एक रकाना घालते, नुसत्या क्रमाचा, आकड्याच्या भांड्यातला, आणि सतरा-अ ला त्यात अठरावी जागा देते. नाव अक्षरात राहील, रांग आकड्यानं लागेल. तात्यांनी विचारलं, "म्हंजी दोन भांडी?" मी म्हटलं, "व्हय, दोन." "मग आधीच दोन का न्हाय घेतली?" मी म्हटलं, "आधी कळलं नव्हतं." तात्या म्हणाले, "बरं." माझ्या उभ्या नोकरीत इतकी चोख तपासणी कुणी केली नाही.

नवी यादी छापून आम्ही निघालो. बापूंनी स्टँडवर सगळ्यांना चहा पाजला, अण्णांना आग्रहानं दुसरा कप दिला, आणि जीपमध्ये चढताना मला म्हणाले, "ती राखाडी चौकट कसली म्हनलीस? मला बी दाव एकदा." वाडी दिसू लागल्यावर अण्णा म्हणाले, "ढेप देतो. पण आता न्हाय, नव्या गुळाची देतो, पुढल्या जत्रंला." तात्यांनी मान हलवली. देवाच्या पायरीवरचं कर्ज, व्याज नाही.

गोष्ट इथं मिटली असती, आणि शंकर पुढं कायम सरळ नंबरानं पुकारत राहिला असता. पण संध्याकाळी तात्यांनी पारावर दोन्ही कागद सगळ्यांना वाचून दाखवले, चूक कुठं झाली ते मला सांगायला लावलं आणि चुकीचा कागद फाडायला हातात घेतला. तेव्हा बायकांतून सरूकाकूंचा आवाज आला. सरूकाकू म्हणजे अण्णांच्या मंडळी, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू, चारचौघांत सहसा न बोलणाऱ्या.

"तात्या, फाडू नगा त्यो कागद."

अण्णांनी मागं वळून बघितलं. काकू त्यांच्याकडं न बघता बोलत राहिल्या. "लगीन होऊन आल्यापासनं जत्रंला म्या कोंबडं आरवायच्या आधी उठून पुरण वाटतीया. सकाळच्या नंबराचा मान ह्येंचा, अन् जाग माझी. त्या कागदात आमचा नंबर दिवेलागणीला हाय. पाण्याविना सांजंपातूर ऱ्हाईन, पण एक वरीस मला उजाडल्यावर उठू द्या की."

"खरं हाय बया," दोन नंबरच्या सासूबाई म्हणाल्या. मग तीन नंबरची सून बोलली, मग पाच नंबरची. एकीनं सांगितलं की अंधारात वेलदोडे समजून तिनं एकदा मिरं कुटलं होतं आणि देवानं ते तसंच गोड मानून घेतलं. हसण्यानं पार हलला. आणि दुसऱ्या बाजूला दहा ते एकोणीस नंबरच्या बायका उभ्या होत्या, त्यांत माझी आई. ती पुढं झाली आणि म्हणाली, "आमी उठतो की रात्रीचं. मला एकदा गरम पोळी द्यायचीय देवाला." वाडीतल्या पुरुषांना मानाचा नंबर पाठ होता. त्या नंबरामागं चूल किती वाजता पेटते हे त्यांना त्या संध्याकाळी कळलं.

"अहो, पण नऊ नंबर शेवटाला?" अण्णा म्हणाले. "सतरा-अ च्या बी मागं?"

"शेवटाला जायचं तर जा," काकू म्हणाल्या. "चिमीच्या मागं बसा, ती थोरली हाय तुमच्यापरीस."

चिमीची हकिगत जीपमधून उतरल्याबरोबर शंकरनं वाडीभर केली होती. तात्यांनी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले आणि निकाल सांगितला. एक वर्ष आकड्याची रांग, एक वर्ष अक्षराची. एक नंबर दोन्हीकडं पहिलाच राहतो हे कुणीतरी बोलून दाखवलं, तेव्हा तात्या म्हणाले, "त्याला म्या काय करू, मशीनीला इचारा." हीच रीत अजून चालू आहे. अक्षराच्या वर्षाला वाडीत 'रंजीची पाळी' म्हणतात. माझी मुलगी हैदराबादला याच कामात आहे, माझ्याहून पुष्कळ मोठ्या तक्त्यांवर. तिच्याही कचेरीत नव्या पोरांकडून दहा हा दोनाच्या आधी येतो. ती फोनवर सांगते, "आई, आज पुन्हा तुझी पाळी आली होती."

ज्या दिवसापासून एसटी बंद व्हायची होती, त्याच दिवशी बापूंनी मला एसटीला स्वतः बसवून दिलं. स्थळांची बोलणी मागं पडली. कोर्स झाल्यावर धाराशिवला पुढचं शिकायला जाऊ का असं विचारलं तेव्हा ते 'बघू' म्हणाले नाहीत, 'व्हय' म्हणाले. एका छोट्या भांड्यात मावेल एवढं उत्तर त्यांनी मला पहिल्यांदा दिलं.

पुढच्या जत्रेच्या आदल्या संध्याकाळी आई डाळ निवडत होती. पहाटे लवकर उठायचं म्हणून तिनं सगळं हाताशी मांडलं होतं, आणि तिला आनंद इतका झाला होता की ती निवडलेली डाळ पुन्हा निवडत होती. तेव्हा दारात अण्णा आले. खांद्यावर उपरण्यात बांधलेली ढेप, नव्या गुळाची, कडेला थोडी पाझरलेली. बापूंनी पुढं होऊन हात लावला, पण अण्णांनी ती त्यांना दिली नाही, आत येऊन आईसमोर ठेवली. "मोजून घ्या, वयनी," ते म्हणाले, "एक हाय." आईनं कोयता घेतला, ढेप तिथंच मधोमध फोडली. अर्धी परातीत ठेवली, आणि अर्धी अण्णांच्याच उपरण्यात परत बांधून त्यांच्या हातात दिली.

"ही सरूबाईंच्या पुरणाला. त्यांना सांगा, उद्या उन्हं आल्यावर उठा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी अजून गारवा होता तेव्हाच शंकरनं अकरा नंबर पुकारला. बापू ताट घेऊन आत गेले, आणि ताटावरच्या पोळीची वाफ मी पायरीवरून बघितली. ढेपेचा हिशेब असा मिटला: दिली अण्णांनी एक, घेतली आईनं अर्धी, आणि उरलेली अर्धी त्या दिवशी दिवेलागणीला नऊ नंबरच्या ताटातून भैरोबाला पोचली.